चाकामागचा दगड

"ज्या गाडीला ड्रायव्हरच नाही, ती दरीत ढकलली तर पाप कोणाला लागतं, उस्ताद?"

उस्तादांनी स्टोव्हला चार पंप मारले. जाळ निळा झाला. मग त्यांनी मान वर केली.

"आधी बस. घाट चढून चालत आलास?"

"चालत."

"आणि टँकर?"

"दारात उभाय. एकवीस दिवस झाले. त्याच्या स्टिअरिंगला हात लावणार नाही मी आता. कधीच."

"वरच्या वाड्यांना पाणी?"

गेनूने पायातल्या चपलांची धूळ झटकली.

सातवळणी घाटाच्या सहाव्या वळणावर पिराचं एक लहानसं ठाणं आहे. हिरवं निशाण, पाण्याचा रांजण आणि मागे पत्र्याची एक खोली. मेहबूब उस्तादांनी चाळीस वर्षं ट्रक चालवला. नजर अधू व्हायला लागली तेव्हा कोणी सांगायच्या आत त्यांनी चावी मालकाच्या हातात ठेवली आणि इथे येऊन बसले. घाटातला प्रत्येक ड्रायव्हर ठाण्यासमोर एकदा हॉर्न देतो. त्या आवाजावरून उस्ताद गाडी ओळखतात. कधीकधी गाडीचं दुखणंही.

गेनूचा थोरला भाऊ वसंता हा त्यांचा क्लीनर. आठ वर्षं त्यांच्या हाताखाली काढून ड्रायव्हर झालेला. आणि गेनूला गाडी शिकवली वसंताने. सातवीत शाळा सुटलेल्या पोराला त्याने टँकरवर बसवलं आणि माणसात आणलं.

एकवीस दिवसांपूर्वी, ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर, त्याच वसंताला एका गाडीने उडवलं. त्या गाडीला चालवणारं कोणी नव्हतं.

"बोला ना, उस्ताद. पाप कोणाला?"

"गाडीत एक माणूस असतो म्हणे."

"माणूस कसला, बुजगावणं! स्टिअरिंगपुढे बसतो आणि हात मांडीवर ठेवतो. गाडी आपली आपण वळते, आपली आपण पळते. टपावर ते मडक्यासारखं काहीतरी गरगर फिरतं, त्यातून ती बघते म्हणे. हा नुसता भाताच्या गोळ्यासारखा बसलेला."

"त्या बुजगावण्याला आई असेल?"

 गेनू एकदम उसळला.

"माझ्या दादाला नव्हती?"

उस्तादांनी पातेल्यात साखर टाकली. चमचा फिरवला.

"पुढे सांग."

"पुढे काय! कंपनीचा साहेब घरी आला. हातात फळांची करंडी. केळी, सफरचंदं, वर चकचकीत कागद. आईपुढे ठेवली, जसं काही तिला बरं नाही म्हणून भेटायला आलाय. मग एक काचेची पाटी काढली आणि मला चित्र दाखवलं. म्हणाला, ही आमची गाडी, घाट चढतेय. हा डाव्या बाजूला कडेला लावलेला टेम्पो, म्हणजे दादाचा. त्याला वळसा घातला की पुढे समोरून उतरणारी जीप. जीपमध्ये नऊ ठिपके. आणि इकडे, आमच्या बाजूला, रस्त्यात एक ठिपका..."

त्याचा आवाज फाटला.

"ठिपका, उस्ताद! दादाला ठिपका म्हणाला. मी म्हटलं, नाव आहे त्याला. तर म्हणतो, गाडीला नाव कळत नाही, आकडा कळतो. नऊ तिकडे, एक इकडे. गाडीने बरोबर ठरवलं. बरोबर! माझ्या आईसमोर बसून म्हणतो, बरोबर ठरवलं."

"आई काय म्हणाली?"

"आईने करंडी उचलून अंगणात ठेवली. शेळीने खाल्ली सगळी."

उस्तादांच्या मिशीखाली काहीतरी हललं आणि तिथेच थांबलं.

चहाला उकळी आली. त्यांनी तो दोन पेल्यांत गाळला. एक गेनूपुढे सरकवला. गेनूने त्याकडे पाहिलंही नाही.

"तू असतास तर?" उस्तादांनी विचारलं.

"कुठे?"

"त्या गाडीत. समोर जीप, पुढ्यात माणूस. तू काय केलं असतंस?"

"गाडी डोंगराला घासली असती!" गेनूला विचार करावाच लागला नाही. "डाव्या हाताला अख्खा डोंगर होता, उस्ताद. दादाने मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. घाटात ब्रेक गेले, पुढे माणूस आला, काहीही झालं तरी गाडी डोंगराला द्यायची. पत्रा जाईल, दार जाईल, पाय मोडेल आपला. पण माणूस वाचेल. हे शेंबड्या क्लीनरला पण माहीत असतं. मी साहेबाला विचारलं, डोंगर का नाही मोजला? तर म्हणे, आत बसलेल्याला धोका होता. म्हणजे बघा! नऊ आणि एक हे दाखवायला. आधी स्वतःची कातडी, मग बाकीच्यांची बेरीज. आणि ह्याला म्हणे अक्कल!"

"घासली असतीस आणि तरी माणूस गेला असता तर?"

"तर गेला असता. पण मी रात्रीचा झोपलो नसतो. जन्मभर."

"ती गाडीही झोपत नाही म्हणतात."

"थट्टा करू नका, उस्ताद."

"नाही करत."

...

खालच्या वळणावर एका मालट्रकने हॉर्न दिला. उस्तादांनी कपाळाला हात लावून सलाम केला, आणि सवयीने पुटपुटले, "स्प्रिंगचा पाटा ढिला झालाय त्याचा." ट्रक कण्हत वर निघून गेला.

गेनूने खिशातून घडी घातलेला एक कागद काढला. घड्यांवर तो फाटायला आला होता.

"हे बघा. मला नीट वाचता येत नाही म्हणून ग्रामसेवकाकडून तीनदा वाचून घेतलं. पंचनाम्यात लिहिलंय. 'सदर इसम विनाकारण रस्त्यात वाकून उभा होता.' विनाकारण! माझा दादा कधी विनाकारण शिंकला नाही, उस्ताद. टेम्पो त्याचा धड होता. हवा बरोबर, डिझेल भरलेलं. मग चढावर गाडी उभी करून तो रस्त्यात का उतरला? कोणी सांगत नाही. आता सगळा गाव म्हणतो, चूक वसंताचीच होती. रस्त्यात काय करत होता तो? साहेब म्हणाला तेच, आता आमचा सरपंच पण म्हणतो. मेलेल्या माणसाच्या नावावर चूक लिहून सगळे मोकळे झाले. गाडी मोकळी, बुजगावणं मोकळं, साहेब मोकळा. शिवी घालायची तर समोर तोंड लागतं ना, उस्ताद? मी कोणाच्या तोंडाकडे बघून शिवी घालू?"

उस्ताद पेल्यात बघत राहिले.

"आणि वर मलाच म्हणतो, तू ड्रायव्हर आहेस ना, आमच्या गाडीत बसायला ये. काही करायचं नाही, नुसतं बसायचं. महिन्याला पगार. माझ्या भावाला मारलेल्या गाडीत मी बुजगावणं होऊन बसू!"

"मग तू काय ठरवलंस?"

"रोज चार वाजता ती इथून वर जाते. तेरा दिवस बंद होती, आता परत सुरू केली. तिथे, दादा पडला तिथेच, वळण संपता संपता एक दगड टाकणार. बघू दे तिला. ठरवू दे. एका बाजूला दगड, दुसऱ्या बाजूला दरी. करू दे बेरीज." गेनूच्या कपाळावरची शीर ताडताड उडत होती. "म्हणून विचारतोय. चालवणारं कोणी नसेल तर मी कोणाला मारलं? त्यांना पाप नाही लागलं तर मला का लागावं?"

...

उस्ताद उठले. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. मागच्या खोलीत गेले.

खोलीत कोपऱ्यात दगडांची एक उतरंड रचलेली होती. चढावर गाडी थांबली की चाकामागे दगड लावतात. गाडी निघाली की तो तिथेच पडून राहतो, आणि मागून येणाऱ्याच्या चाकाखाली येतो. घाटात त्यामुळे किती जण गेले त्याची गणती नाही. उस्ताद सकाळ-संध्याकाळ काठी टेकत जातात आणि असे दगड उचलून आणतात.

ते परत आले तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांत गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी जड होतं. त्यांनी ते गेनूपुढे ठेवलं. गोणपाट बाजूला केलं.

जात्याची तळी, खालचा दगड. मधोमध फुटलेली, अर्धी. फुटलेल्या कडेला मधल्या खिळीचं अर्धं भोक. एका बाजूला टायरचा काळा ठसा.

गेनू बघत राहिला.

त्या जात्यावर त्याच्या आजीने दळलं होतं. ते फुटलं तेव्हा वसंतानेच म्हटलं होतं, तळी टाकू नका, चाकाला लावायला चांगली आहे, घसरत नाही. ती टँकरमध्ये गेनूच्या सीटमागे असायची.

"ही... कुठे सापडली तुम्हाला?"

उस्तादांनी वळणाकडे बोट केलं.

गेनूने टायरच्या ठशावर बोट टेकवलं. त्या दिवशी साडेतीनला तो भरलेला टँकर घेऊन घाट चढला होता. सहाव्या वळणाच्या पुढे इंजिन तापलं. थांबला. उतरून चाकामागे तळी लावली. पाणी घातलं. परत निघाला. भरला टँकर चढावर एकदा हलला की मधे थांबवता येत नाही, आणि दगड उचलायला सोबत क्लीनर नव्हता. असू दे, उतरताना घेऊ, असं म्हणून तो तसाच वर गेला होता.

उतरताना इथे गर्दी होती. तळीची आठवण कोणाला राहणार?

"पहिल्या दिवशी मी वसंताला एकच गोष्ट शिकवली होती," उस्ताद म्हणाले. "स्टिअरिंग नाही. गिअर नाही."

गेनूला ती माहीत होती. वसंताने त्यालाही पहिल्या दिवशी तीच शिकवली होती. दगड लावणाऱ्याने दगड उचलायचा.

"तो भाजी घेऊन तुझ्यामागे येत होता. मी इथे बसलेलो. टेम्पोचा हॉर्न झाला, मी सलाम केला. आणि टेम्पो थांबला. मी हाक मारली, काय झालं रे वसंता? तर हसला. म्हणाला, 'काही नाही उस्ताद, आमच्या गेन्याचं जातं राहिलंय.'"

...

...

"वाकला," उस्ताद म्हणाले. "आणि वळणावरून ती आली."

गेनूच्या घशातून आवाज निघाला. तो रडण्याचा नव्हता. उन्हात पत्रा तडकावा तसा होता.

"तुम्ही... पोलिसांना का नाही सांगितलं?"

"पंचनाम्यात दगड आला असता, तर दगड कोणाचा, हेही आलं असतं. ते यायच्या आधी मी उचलून आणला." उस्तादांनी दाढीवरून हात फिरवला. "तुझ्या कागदावरचं ते 'विनाकारण' माझ्यामुळे आहे. एकवीस दिवस मला चहा गोड लागला नाही."

"म्हणजे मीच मारलं त्याला."

उस्तादांनी तळीवरची माती पुसली.

"सांगा ना! मी मारलं ना? का तिने? तिने बघितलं होतं त्याला! दगड मी ठेवला, पण बघितलं तर तिने ना! बघून गेली ती, उस्ताद, बघून!"

"हो. बघून गेली."

"मग?"

उस्तादांनी लांब पाहिलं. खाली पाचव्या वळणावर उन्हात काहीतरी पांढरं चमकलं.

त्यांनी वाकून तळी उचलली.  रस्त्यावर गेले. वळण जिथे संपतं, त्याच जागी, चढणाऱ्या गाड्यांच्या बाजूला, बरोबर मध्ये त्यांनी ती ठेवली. पायाने जरा सरळ केली.

मग परत आले, बसले आणि पेला उचलला.

"घे. झालं तुझं काम."

"उस्ताद?"

"तुला टाकायचाच होता ना? टाकला. चार वाजलेत, येईल ती. बस. चहा पी."

गेनू बसला. पेला हातात घेतला. चहावर साय धरली होती. खालून आवाज यायला लागला. इंजिनाचा नव्हे, नुसता टायरचा, सापासारखा सरसरत. त्याने दात आवळले. येऊ दे, त्याला वाटलं. येऊ दे एकदाची.

मग त्या आवाजाच्या पुढे, अगदी जवळ, दुसरा आवाज आला. मोटारसायकल. जुनी, चढावर दम लागलेली.

गेनूने उस्तादांकडे पाहिलं.

उस्ताद चहावरची साय फुंकत होते.

पेला कुठे पडला ते गेनूला कळलंच नाही. तो रस्त्यावर होता. वाकला होता. बोटं तळीच्या फुटलेल्या कडेखाली गेली, नख उलटलं, तळी उठली. ती छातीशी धरून तो एक पाऊल मागे झाला, आणि मोटारसायकल त्याच्या कोपराला वारा देऊन गेली. मागे बसलेल्या बाईच्या मांडीवर मूल होतं.

"मरायचंय का रे? रस्ता काय तुझ्या सासऱ्याचा आहे?" चालवणारा ओरडला आणि पुढे निघून गेला.

आणि वळणावरून ती आली.

पांढरी, धुतलेली. टपावर मडकं गरगरत होतं. अपघातानंतर तिचा वेग कमी केलेला होता. गेनूपासून दहा पावलांवर ती थांबली.

गेनू रस्त्यातच उभा राहिला. तळी डोक्यावर उचलून काचेवर घालावी एवढंच अंतर होतं. त्याचे हात वर उठलेही.

काचेमागे एक पोरगा होता. गेनूच्याच वयाचा. हात मांडीवर. चेहरा चुन्यासारखा. गेनूने त्याला त्या दिवशी गर्दीत पाहिलं होतं, कडेला बसून ओकताना.

गेनूचे हात खाली आले. तळी छातीशी आली.

"मोज," तो गाडीला म्हणाला.

गाडी जरा डावीकडे सरकली. थांबली.

"मोज ना! मी एक आहे. मोज मला. वसंता गणपत कुदळे होता तो. मी गेनू गणपत कुदळे. बसव बेरजेत!"

गाडी जरा उजवीकडे सरकली. थांबली. मडकं गरगरत राहिलं.

...

काचेमागच्या पोराने मांडीवरचे हात उचलले. ते हवेत थोडे थांबले, परक्याच्या घरात पाऊल टाकावं तसे. मग त्याने स्टिअरिंग धरलं. गाडी हळूच वळवून डोंगराच्या बाजूला घेतली, इतकी की तिचा आरसा खडकाला घासला आणि करकरला. तिथे त्याने ती बंद केली.

मडकं फिरायचं थांबलं.

पोरगा खाली उतरला नाही. स्टिअरिंगवर डोकं टेकून बसून राहिला. गेनूने त्याला शिवी घातली नाही. तोंड समोर होतं, तरी शिवी आली नाही.

तो तळी घेऊन ठाण्याकडे परत आला. उलटलेल्या नखातून रक्त गळत होतं. उस्तादांसमोर तो तसाच उभा राहिला. छातीवर दगड, पायाखाली सांडलेला चहा.

"किती माणसं होती मोटारसायकलवर?" उस्तादांनी विचारलं.

"मोजली नाहीत."

उस्तादांनी मान हलवली. रांजणातलं पाणी तांब्यात घेऊन त्याच्या नखावर धार धरली. कागदाची घडी जमिनीवर पडली होती, ती उचलून आपल्या खिशात घातली.

"उद्या मी ठाण्यात जातो. पोलिसांच्या. तो का उतरला ते लिहून देतो. दगड कोणाचा, तेही लिहावं लागेल."

"लिहा."

"आणि बघून कोण गेलं, तेही."

"लिहा, उस्ताद."

वरच्या वाड्यांकडून दोन बाया रिकामे हंडे घेऊन घाट उतरत होत्या. गेनू त्यांच्याकडे बघत राहिला. मग त्याने तळी एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतली.

"उस्ताद... ही खाली कधी ठेवायची?"

"जड लागतेय?"

"खूप."

"मग टँकर काढ. आणि ज्या दिवशी ती जड लागायची थांबेल, त्या दिवशी स्टिअरिंग सोड."